पाठीवरचं सतरावं

खट् असा आवाज झाला आणि चहाचं पाणी ठेवता ठेवता तिचा हात तसाच राहिला. रविवारची सकाळ, बाहेर नीट उजाडलंही नव्हतं, घर चिडीचूप. आणि आतल्या खोलीतून हा एवढासा, कोरडा, नेमका आवाज. दुसऱ्या कुणाच्या कानावर तो पडलाही नसता. पण तिचं कामच आवाजांचं. दवाखान्याच्या तळमजल्यावर जाड गादीच्या भिंतींची एक खोली होती. तिच्या काचेबाहेर बसून ती दिवसभर लोकांच्या कानांत बारीक बारीक सूर सोडायची, आणि ऐकू आल्यावर आतला माणूस बटण कधी दाबतो ते टिपून ठेवायची. उजव्या कानाला गोल, डाव्याला फुली. त्यामुळे घरातला प्रत्येक आवाज तिला नावागावासकट ओळखू यायचा. हा छातीवर लागणाऱ्या क्लिपचा होता. पाठुंगळीच्या सॅकचा. ॲल्युमिनियमची चौकट, मुलाला बसायला कापडी खोबण, वर पुढे ओढून घ्यायचं छप्पर. ती सॅक कपाटावर होती, चादरीत गुंडाळून, भिंतीकडं तोंड करून ठेवलेली. दवाखान्यातून दोघं रिकाम्या हातानं परत आले त्या संध्याकाळी नवऱ्यानं ती तिथं चढवली होती, आणि त्याबद्दल तो बोलला नव्हता, तिनंही विचारलं नव्हतं. सप्टेंबरपासून त्या दोघांचं असंच चाललं होतं. एकमेकांना दुखू नये म्हणून जपून, पाय न वाजवता.

मुंगी खुर्चीवर चढून ती खाली काढून बसली होती. मुंगी म्हणजे त्यांची सहा वर्षांची लेक. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून हे नाव पडलं, ते कायमचं. "आई, हिच्यात सगळं मावतं," ती म्हणाली. "थर्मास, दोन शाली, माझी जादा पँट. माझ्या दप्तरात नाही मावत." "ती ठेव. बाबांची सॅक घे." "बाबांच्या सॅकची चेन गेलीय. तूच म्हणालीस." हे खरं होतं. पलंगावर नवरा भिंतीकडं वळून पडला होता, पण झोपला नव्हता. त्याच्या श्वासावरून तिला ते कळत होतं. "तू येतोस ना?" तिनं विचारलं. "तुम्ही जा," तो भिंतीला म्हणाला. "तिला जरा मोकळी हवा मिळेल." आणि थोड्या वेळानं, "तीच न्यायची आहे का?" तिनं सॅकच्या खोबणीत शाली दाबून बसवल्या, त्यांच्यावर थर्मास, आणि छप्पर पुढं ओढलं. "चेन गेलीय ना दुसरीची," ती म्हणाली. एवढंच.

या हिवाळी चालण्यासाठी तिनं नाव नोंदवलं होतं ते जुलैत. गावाबाहेरच्या तलावाभोवती रविवारी चालणाऱ्यांचं एक मंडळ होतं; त्यांची थंडीतली फेरी फार मागणीची, जागा सहा महिने आधीच भरून जायच्या. जेवणाच्या सुट्टीत, कामाच्याच संगणकावर तिनं अर्ज भरला. पोट टेबलाला टेकत होतं, म्हणून खुर्ची तिरपी करून. मोठी माणसं: दोन. चालणारी मुलं: एक. पाठीवरची मुलं: एक. त्या शेवटच्या रकान्यात एक टाकताना तिला हसू फुटलं होतं. आतून एक लाथ बसली, जणू त्यानंच सही केली. मग सप्टेंबर आला आणि गेला. दवाखान्याच्या कागदांवर तिचं नाव होतं, तारीख होती, वजन होतं. त्याच्यासाठी वेगळी ओळ नव्हतीच. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "मुलीपुढं आता तो विषय काढू नका गं, तिचं मन कोवळं." तिची स्वतःची आई म्हणाली, "तू लहान आहेस अजून." सगळ्यांनी आपापल्या परीनं तो हलक्या हातानं पुसला. आणि गेल्या आठवड्यात मंडळाची मेल आली: आपली नोंद पक्की आहे. दोन, एक, एक. उबदार कपडे आणावेत. तिनं ती मेल इतक्या वेळा वाचली की काचेआड बसलेले आजोबा बटण दाबून दाबून थकले आणि शेवटी काचेवर टकटक करायला लागले. जगात ही एकच यादी अशी होती, जिच्यात तो अजून यायचा होता. तिनं उत्तर पाठवलं नाही. एकदा कुणीतरी ती यादी मोठ्यानं वाचावी, एवढंच तिला हवं होतं. त्याच्यापुढचं तिनं काही ठरवलं नव्हतं. ठरवलं असतं तर गेलीच नसती.

तलावाच्या आवारात धुकं असं उतरलं होतं की उभ्या गाड्यासुद्धा विरघळत चालल्यासारख्या दिसत होत्या. गवतावर पांढरं दहिवर, डबक्यांवर बर्फाचा पातळ पापुद्रा. मुंगी टाचेनं तो मोडत सुटली. वाट दाखवणारे गृहस्थ पूर्वी जमीनमोजणीच्या खात्यात होते, आणि मंडळी त्यांना होकायंत्र म्हणत. दरवर्षी ते एकदा तरी वाट चुकवतात म्हणून, असं मागून कुणीतरी सांगितलं. "चुकवत नाही, लांबवतो," होकायंत्र म्हणाले. त्यांच्या हातात पाटीला लावलेली यादी, कानावर पेन्सिल, चष्म्यावर धुक्याचे थेंब. "तुमचे चार ना?" "मिस्टर नाही आले," ती म्हणाली. "एक कमी करा." त्यांनी एक रेघ मारली, आणि चष्म्यावरून तिच्या खांद्यामागं पाहिलं. सॅकचं छप्पर पुढं ओढलेलं, शालीचं एक टोक बाहेर लोंबणारं. "वा! स्वारी झोपलीय वाटतं. झोपू दे, झोपू दे." त्या एका क्षणात बोलता आलं असतं. तोंड उघडलंही होतं तिनं. आणि मग होकायंत्रांनी वाचलं, "तर ताई, तुम्ही सोळा. पाठीवरचं सतरा. ही छोटी अठरा." सतरा. त्याला कुणीतरी काहीतरी म्हणालं. तिनं तोंड मिटलं.

मंडळाचा रिवाज असा होता, की धुक्याच्या दिवशी ओळीनं चालायचं आणि दर अर्ध्या तासानं थांबून ज्यानं त्यानं आपला आकडा मोठ्यानं म्हणायचा; पाठीवर मूल असेल त्यानं मुलाचाही म्हणायचा. पुढून निघालेली मोजणी शेवटी मागच्या बाईंपाशी पोचायची. मागच्या बाई कायम शेवटी चालत, म्हणून त्यांचं नाव तेच. रुंद बांध्याच्या, डोक्याला लोकरी टोपी. पंचवीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या. त्यांनी "सव्वीस" म्हटलं की होकायंत्र हात वर करायचे आणि ओळ हलायची. आकडा मध्येच अडला तर पुन्हा एकपासून. कुणी हलायचं नाही. "पंधरा!" तिच्यापुढचे दातांचे डॉक्टर खणखणीत ओरडले. त्यांची बायको एकोणीसवर होती. थर्मास कुणी विसरला यावरून दोघांचं सकाळीच वाजलं होतं, म्हणून त्या तीन माणसं सोडून चालत होत्या. "सोळा," ती म्हणाली. आणि मग तिच्याच गळ्यातून, तिला न विचारता, थोड्या हलक्या आवाजात, आईनं मुलासाठी बोलावं तसं: "सतरा." मुंगीनं मान वर करून तिच्याकडं पाहिलं. बराच वेळ. कुणीतरी मागून खाकरलं तेव्हा ती म्हणाली, "अठरा."

ती चालत राहिली. पाठीवर सहा किलोंच्या आसपास भरत असेल. आता तो एवढाच झाला असता. हे गणित तिनं मुद्दाम केलं नव्हतं. पट्ट्यांनी खांदे ओढले आणि ते आपोआप झालं. चढावर वजन किंचित मागं झुके, उतारावर पुढं येऊन पाठीला टेके, आणि टेकलं की ती श्वास धरून हळू पाऊल टाकी. कामावर एक प्रकार वरचेवर व्हायचा. काही माणसं सूर सोडलेलाच नसताना बटण दाबत. त्याला त्यांच्याकडं खोटा होकार म्हणत. खोटारडी माणसं नसत ती. ऐकायला इतकी आतुर होऊन बसलेली असत, की शांततेतच त्यांना काहीतरी वाजलेलं भासे. त्यांना रागवायचं नाही, असं शिकवलं होतं. कागदावर खूण करायची, जरा थांबायचं, आणि पुन्हा विचारायचं. तिला ती माणसं नेहमी आवडत. आणि सप्टेंबरातल्या त्या दिवशी उलटं झालं होतं. पडदा ओढलेली खोली, पोटावर गार जेल, डॉक्टरीणबाईंचा हात यंत्र फिरवतोय, इकडून, तिकडून, जरा खालून, बाई म्हणतायत, "बाळ वळून बसलंय बहुतेक, बघू हं." पण तिचे कान तयारीचे. खोलीतला दिवा गुणगुणत होता, यंत्राचा पंखा फिरत होता, नवऱ्याच्या घड्याळाची टिकटिक होती, आणि या सगळ्याच्या तळाशी जे असायला हवं होतं ते नव्हतं. बाईंच्या आधी तिला कळलं होतं. तिनं नवऱ्याच्या हसऱ्या चेहऱ्याकडं पाहिलं, आणि त्याला अजून अर्धं मिनिट मिळावं म्हणून ती गप्प राहिली. ते अर्धं मिनिट नवऱ्यानं तिला माफ केलं होतं की नाही, कोण जाणे.

दुसरी मोजणी बांधावर झाली. या वेळी "सतरा" सहज आलं, आणि त्याच्यामागून छातीत कसलंसं ऊन पसरलं, इतकं की ती घाबरली. एकोणीस नंबरच्या बाई नवऱ्यावरचा राग विसरून पुढं आल्या. "किती महिन्यांचं?" "चार होतील." "मुलगा की मुलगी?" "मुलगा," ती म्हणाली. यातलं काहीच खोटं नव्हतं. मुलगा होता. पण हा शब्द त्याच्यासाठी तिनं पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारला होता, आणि धुक्यात तो तोंडाच्या वाफेसारखा क्षणभर दिसला. "गुणी आहे हो अगदी. आवाज म्हणून नाही." "हो," ती म्हणाली, "शांत आहे." "आमचा थोरला म्हणजे भोंगा होता नुसता. यांच्यावर गेलाय." "मी ऐकतोय बरं का," दातांचे डॉक्टर पुढून म्हणाले. सगळे हसले. तीही हसली. मग तिच्या लक्षात आलं, की हातमोज्यातला तो लहान हात तिच्या हातात नाही. मुंगीनं तो केव्हाच सोडवून घेतला होता आणि ती वाटेच्या कडेकडेनं, खाली बघत, एकटीच चालत होती. "मुंगे, इकडं ये." मुंगी आली नाही. "दमलीस का?" "नाही." "मग?" "काही नाही," मुंगी म्हणाली, अगदी तिच्या बापाच्या सुरात.

मोठी विसावण्याची जागा आली ती आडव्या पडलेल्या ओंडक्यांपाशी. लोकांनी डबे उघडले, ब्रेड आणि उकडलेल्या अंड्यांचा वास सुटला. मागच्या बाई मात्र बसल्या नाहीत. हातमोजे काढून, हात एकमेकांवर चोळत, त्या एकेका पाठीवरच्या मुलापाशी जाऊ लागल्या. चालणारा माणूस चालून तापतो. पाठीवर बसलेलं मूल हलत नाही, त्याचे पाय गारठून जातात आणि घेणाऱ्याला पत्ता नसतो. म्हणून थांबलं की आधी पाठीवरच्यांचे पाय बघायचे, हा त्यांचा नेम. हे तिला माहीत नव्हतं. कळलं तेव्हा बाई तिच्यासमोर उभ्या होत्या. "राहू द्या," ती म्हणाली. "झोपलाय." "झोपलेल्यांचेच बघायचे असतात, ताई," बाई म्हणाल्या, आणि मागं जाऊन त्यांनी खालच्या फटीतून हात आत घातला. तिनं डोळे मिटले. तिला पाठीवर त्यांचा हात कळत होता. शाल चाचपत गेला, थर्मासला लागला, मुंगीच्या घडी घातलेल्या पँटवर थांबला. तिथंच राहिला. कुठंतरी अंड्याचं कवच फुटलं. मग बाईंनी शाल पुन्हा आत खोचली, नीट, चारी बाजूंनी, जशी पायांभोवती खोचतात, आणि त्या तिच्या शेजारी ओंडक्यावर बसल्या.

"कधी?" त्यांनी हळूच विचारलं.

"सप्टेंबरात. पस्तिसावा आठवडा."

बाई पुढं बघत राहिल्या. "माझ्या बसमध्ये," त्या म्हणाल्या, "शेवटचं मूल उतरलं की मी उठून मागपर्यंत जायचे. प्रत्येक सीटवर हात लावायचे. रोज. लोक हसायचे. म्हणायचे, आरशात दिसतंय की सगळं रिकामं. मी म्हणायचे, दिसणं वेगळं." त्यांनी हातमोजे पुन्हा चढवले. "ताई, मी कुणाला सांगणार नाही. तुमचं दुःख तुमच्यापाशी. पण हा आकडा मला चालायचा नाही. समोरचं झाड दिसत नाहीये. तुम्ही सोळा म्हणता, सतरा म्हणता, मी मागं सव्वीस धरते. उद्या ही तुमची पोर मागं राहिली आणि कुणी घाईत पुढचा आकडा म्हणून टाकला, तर माझी माणसं भरतात. नसलेला एक धरला की असलेला एक हरवलेला कळत नाही."

ती मुंगीकडं बघायला वळली. मुंगी ओंडक्यावर नव्हती. डबे उघडणाऱ्यांत नव्हती.  आणि मग ती दिसली, वीसेक पावलांवर, धुक्याच्या कडेला, पाठमोरी. एकटीच उभी राहून बर्फाच्या तुकड्यातून आरपार बघत होती. वीस पावलं. आणि या सबंध सकाळीत आपण तिच्याकडं किती वेळा पाहिलं? तिला आठवेना. पाठीवरच्या पट्ट्या मात्र तिनं दर पाच मिनिटांनी सारख्या केल्या होत्या.

"चला, निघू!" होकायंत्र ओरडले. ओळ लागली. एक. दोन. तीन. आकडे पुढून येऊ लागले, जवळ जवळ, जिना चढून यावेत तसे, आणि तिला वाटलं अजून थोडं लांबावं हे, पुढं शंभर माणसं असावीत. "पंधरा!" "सोळा," ती म्हणाली. आणि गप्प राहिली. तिला या शांततेची सवय होती. हिच्या अलीकडं-पलीकडं बसूनच तिचा दिवस जायचा. पण एवढे लोक एकदम थांबले की शांततेलाही वजन येतं. "सतरा?" होकायंत्रांनी पुढून विचारलं. "ताई, सतरा म्हणा ना." कुणीतरी हसलं. "सतरा नाहीये," ती म्हणाली. आवाज इतका लहान निघाला की तिला पुन्हा म्हणावं लागलं. "नाहीये. पाठीवर नुसता थर्मास आहे. तो... मी अर्ज भरला तेव्हा होता. यायचा होता. नाही आला." दातांच्या डॉक्टरांनी टोपी काढली, आणि आता हातातल्या टोपीचं काय करायचं ते न कळून पुन्हा घातली. त्यांच्या बायकोनं तोंडावर हात धरला होता. "आवाज म्हणून नाही" हे आपलंच वाक्य आता त्यांना पुन्हा ऐकू येत असणार. तिला त्यांचीच दया आली. होकायंत्र पाटी घेऊन मागं आले. त्यांची पेन्सिल कागदापाशी घुटमळली. "खोडू ना?" ते तिच्याकडं न बघता म्हणाले. "खोडा." त्यांनी रेघ मारली, इतकी बारीक की खालचा आकडा तसाच दिसत होता. तरी पेन्सिलीचा तो खर्र तिनं ऐकला. खोटं नव्हतं ते. वाजलं होतं.

"बरं," होकायंत्र घसा साफ करत म्हणाले, "मग आपण एकेक आकडा खाली सरकू. छोटी, तू आता सतरा."

"मी नाही सतरा," मुंगी म्हणाली.

"अगं, मध्ये भोक राहतं मग."

"राहू दे. मी अठरा आहे. त्याचा कसा घेऊ?"

 मग ओळीच्या टोकाकडून, धुक्यातून मागच्या बाईंचा आवाज आला, बसच्या दारातून यावा तसा. "राहू द्या हो. सोळानंतर अठरा. माझ्या लक्षात आहे. निघा आता, पोरं गारठतील." आणि ओळ निघाली. त्यानंतर तीनदा मोजणी झाली. तिन्ही वेळा "सोळा" म्हटल्यावर मुंगी थोडं थांबायची, एक श्वास घेण्यापुरतं, आणि मग "अठरा" म्हणायची. आणि तेवढा वेळ पंचवीस माणसं धुक्यात गप्प उभी राहायची. तिला वाटलं होतं, बोलून टाकलं की काहीतरी हलकं होईल. लोक तसं म्हणतात. हलकं काही झालं नाही. सॅक तेवढीच जड होती, फक्त आता तिच्यात थर्मास होता, शाली होत्या, पँट होती. चढावर वजन मागं झुकलं तेव्हा ते नुसतं मागं झुकलं. ती इतकी मोकळी मोकळी रडत चालली होती, की तिला स्वतःला ते बऱ्याच उशिरा कळलं. गार गालांवर पाणी ऊन लागलं, तेव्हा. मुंगीनं तिचा हात धरला. ओढला नाही, दाबला नाही. नुसता आपला हात आत ठेवून दिला.

आवारात परत आले तेव्हाही धुकं हटलेलं नव्हतं. माणसं एकेक करून निघून गेली. एकोणीस नंबरच्या बाई काहीतरी बोलायला जवळ आल्या आणि न बोलता तिच्या बाहीवर हात ठेवून गेल्या. फोनवर नवऱ्याचा निरोप होता: पोचलात का? तिनं उत्तर लिहायला घेतलं, पुसलं, पुन्हा लिहिलं: आज मी त्याच्याबद्दल बोलले. घरी आल्यावर तुझ्याशीही बोलायचंय. आणि विचार बदलायच्या आत पाठवून दिलं. मग ती बाकापाशी उकिडवी बसली आणि मुंगीच्या बुटांच्या नाड्या सोडू लागली. मोजे भिजून गच्च झाले होते. आतली बोटं लाल आणि गार. ती बोटं आपल्या दोन्ही हातांत धरून तिनं त्यांच्यावर श्वास सोडला, चोळली, परत सोडला. मुंगी तिच्या डोक्याकडं बघत होती.

"आई, तू रागावलीस माझ्यावर?"

"नाही गं. मी कशाला रागवू? उलट तूच रागावली होतीस ना?"

"थोडी." मुंगीनं विचार केला. "तू त्याचा आकडा म्हणताना छान आवाज काढत होतीस. माझ्यासाठी तसा नाही काढत."

तिनं मान खाली घातली. दुसरा पाय हातांत घेतला. "काढायचे," ती म्हणाली. "तू पोटात होतीस तेव्हा. रोज बोलायचे तुझ्याशी. तुझं खरं नावसुद्धा लिहून ठेवलं होतं कॅलेंडरवर, जन्मायच्या आधीच."

"त्याचंपण लिहिलं होतंस?"

"हो."

"तसंच?"

"अगदी तसंच."

 आवारातली शेवटची गाडी निघाली, तिचे दिवे धुक्यात पिवळे झाले आणि विझले. मग मुंगीनं आपला पाय आईच्या हातांतून हळूच थोडासा ओढला, जणू तो आपलाच आहे ना हे बघायला, आणि विचारलं, "मग माझ्या वेळेला तुला कसं कळलं, की मी राहणार म्हणून?"